केसपेपरवर काय लिहायचं? एका नव्या मानसोपचारतज्ज्ञाला पत्र

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. जिल्ह्याच्या गावात स्वतःचं दहा खाटांचं रुग्णालय काढते आहेस, हे ऐकून मनापासून आनंद झाला. परवा फोनवर तू विचारलंस, "सर, माझ्याकडून घरी गेलेल्या पेशंटने जिवाचं काही बरंवाईट केलं, तर माझ्यावर केस होईल का?" तेव्हा मी दोन वाक्यांत बोललो, पण या प्रश्नाचं उत्तर घाईत देण्यासारखं नाही. म्हणून लिहितो आहे.

पुढे काय होणार हे तुला सांगता यायलाच हवं, अशी अपेक्षा कायद्याची नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्णय चुकला एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. त्या परिस्थितीत सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती तू घेतलीस का, एवढंच पाहिलं जातं. आणि भविष्य सांगता येत नाही हे आपल्या शास्त्रानेही कबूल केलेलं आहे. मानसोपचारतज्ज्ञ पोकोर्नी यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ४,८०० माजी सैनिकांच्या पाठपुराव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६७ जणांनी आत्महत्या केली. धोकादायक म्हणून हेरलेल्यांपैकी बहुतेकांनी काही केलं नाही, आणि जे गेले त्यांतले बरेच जण त्या यादीत नव्हतेच. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने तर सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगून टाकलं की आत्महत्येचं भाकीत करण्यासाठी गुण देऊन धोका मोजणाऱ्या प्रश्नावल्या वापरू नका, आणि पेशंटना कमी-मध्यम-जास्त अशा खणांत टाकू नका. तेव्हा 'रिस्क: लो' असं लिहून पान उलटू नकोस. त्या दोन शब्दांनी पेशंट वाचत नाही आणि तुझाही बचाव होत नाही.

मग करायचं काय? नातेवाइकांना बाहेर बसव आणि सरळ विचार. जगणं नको वाटतं का, काय करायचं ठरवलं होतं, कशाने, शेवटचं कधी वाटलं, मग थांबलात कशामुळे. विचारल्याने डोक्यात तसला विचार शिरतो ही समजूत खोटी आहे. तुझ्या भागात कापूस-सोयाबीन आहे, म्हणजे फवारणीचं औषध घरोघरी असणार आणि धान्याच्या कोठीत सेल्फॉसच्या, म्हणजे कीड मारायच्या विषारी गोळ्या. ते कुठे ठेवलंय, कोणाच्या हाताशी आहे, हा प्रश्न मला डिप्रेशनच्या कुठल्याही स्केलपेक्षा मोलाचा वाटतो. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. जीव द्यायची ती तीव्र लहर टळली, साधन हाताशी नसलं, तर माणूस राहतो.

असा केसपेपर मला आवडेल: "शेतकरी, वय ४२. भावाला बाहेर बसवून बोलले. मुलीच्या लग्नाचं कर्ज. तीन आठवडे झोप नाही. 'संपवून टाकावं' असं रोज वाटतं. रविवारी गोठ्यातली बाटली हातात घेतली, मुलगा आला म्हणून ठेवली. आज तसं करणार नाही म्हणतो, मुलीचं बाळंतपण जवळ आलंय. ॲडमिट व्हा म्हटलं, तयार नाही. फायदे-तोटे समजून घेऊन नको म्हणतो आहे. त्याच्या परवानगीने भावाला आत घेतलं, भाऊ बाटली आजच हलवणार. गोळ्या पाच दिवसांच्याच दिल्या. १४४१६ हा टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर दिला. गुरुवारी बोलावलं आहे, न आल्यास सिस्टर भावाला फोन करतील." खाली सही, तारीख आणि वेळ. एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. यात तू काय पाहिलंस, कोणता पर्याय सोडलास आणि का सोडलास, सगळं आलं. पुढे काही झालंच, तर नंतर एक अक्षरही खोडू किंवा घुसडू नकोस. राहिलेलं काही आठवलं तर त्या दिवसाची तारीख घालून स्वतंत्र नोंद कर. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ पेशंटला स्वतःची कागदपत्रं मागण्याचा हक्क देतो. उद्या तो वाचेल आणि त्याला अपमान वाटणार नाही, अशा भाषेत लिही.

दाखल करण्याबाबत मात्र जरा थांबून वाच. 'सर, सही आम्ही करतो, तुम्ही फक्त ठेवून घ्या' हे वाक्य तुला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. २९ मे २०१८ पासून लागू असलेला हा कायदा नातेवाइकाच्या सहीवर माणूस कोंडू देत नाही. कलम ८९ खाली दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटला निर्णयांत मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो. दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं लागतं, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, आणि हे त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेलं हवं. आजाराच्या तीव्रतेमुळे नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी, दुसऱ्यावर हिंसा, नाहीतर स्वतःची काळजीच घेता न येण्याइतकी अवस्था, यापैकी काहीतरी दिसलेलं असावं लागतं. 'घरात ऐकत नाही' हे त्यात बसत नाही. मुदत ३० दिवस. अशा दाखल्यांवर नजर ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं: स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांबाबत सात दिवसांत. प्रतिनिधीच्या संमतीवर उपचार चालू असतील, तर पेशंटला स्वतः संमती देता येते का हे दर सात दिवसांनी पुन्हा पाहायचं. आणि प्रतिनिधी नवराच असतो असं नाही. पेशंटने साध्या कागदावर भावाचं किंवा मैत्रिणीचं नाव लिहून सही केली असेल, तर तीच व्यक्ती. ही तरतूद आपल्याकडच्या बायकांसाठी किती मोठी आहे, हे तुला लवकरच कळेल.

नातेवाइकांना हे सगळं जाचक वाटतं, काही सहकाऱ्यांनाही वाटतं. मला तसं वाटत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा तिथल्या खासगी आश्रयस्थानातली आजारी माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. साखळीवरची बंदी आज कायद्याच्या पुस्तकात आहे. बांधून ठेवण्याची वेळ तुझ्या वॉर्डातही कधीतरी येईल. तत्काळ धोका टाळण्यापुरतं, दुसरा उपाय नसेल तरच, आणि कारण-वेळ लिहून, प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. स्टाफ कमी आहे म्हणून कधीच नाही.

आता दाखल्यांबद्दल. सासरचे चौघे येतील, सोबत सून असेल किंवा नसेलही. "हिला वेड आहे एवढंच लेटरहेडवर लिहून द्या, फी काय ती सांगा." बाई समोर नसेल तर एक ओळही लिहू नकोस. असेल तर तिला एकटीला भेट, आधी पेशंट म्हणून. उपचारांशी किंवा या कायद्यातल्या बाबींशी संबंध नसेल, तर कुणालाही मानसिक आजारी ठरवता येत नाही, असं कलम ३ म्हणतं. राम नारायण गुप्ता खटल्यात (१९८८) सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं आहे की स्किझोफ्रेनियाचं नुसतं नाव घटस्फोटाला पुरत नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते. कोर्टाने तपासणीचा आदेश दिला तर गोष्ट वेगळी. तेव्हा तू कोर्टाला उत्तर देतेस, सासूला नाही.

तुझ्या नोंदीचं वजन किती असतं, हे पाहायचं तर महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाचा खटला वाच. त्याने दगडाने पत्नीचा जीव घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्याला वेडसरपणाच्या बचावाचा लाभ दिला, आणि त्यात घटनेच्या आधीच्या व नंतरच्या उपचारांच्या कागदांचा मोठा वाटा होता. ते कागद लिहिताना कुण्या डॉक्टरच्या डोक्यात कोर्ट नसेल. समोरचा माणूस नीट पाहून लिहिलं होतं, ते वर्षांनंतर उपयोगी पडलं.

गोपनीयतेत दोन ठिकाणी तुझी तारांबळ उडेल. पेशंट म्हणाला, बांधावरून भांडणाऱ्या चुलत्याला संपवतो. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७६ मध्ये टॅरासॉफ खटल्यात, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्टवर टाकली. आपल्या कायद्याचं कलम २३ दुसऱ्याला इजेपासून वाचवण्यासाठी माहिती द्यायची मुभा देतं, पण धोका टाळायला लागेल तेवढीच. चुलत्याला 'सावध राहा, पोलिसांना कळवा' एवढं सांगायचं, पेशंटचं बालपण नाही. दुसरं प्रकरण अवघड आहे. सतरा वर्षांची मुलगी प्रेमातल्या शारीरिक संबंधाचं सांगते आणि 'कुणाला सांगू नका' म्हणते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात डॉक्टरला सूट नाही, कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून अल्पवयीन पेशंट असेल तर ही मर्यादा पहिल्याच भेटीत, ती बोलायच्या आधी सांगायची. मुलीने विश्वासाने मन मोकळं केल्यावर मग नियम काढणं, हे मला अजिबात पटत नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर घरचे पोलिसांच्या धास्तीने खोटं सांगतात, 'चुकून प्यायला' म्हणतात. त्यांना धीर दे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नाही. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनाही हे सांग, नाहीतर तेच घरच्यांना घाबरवतात.

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याशिवाय एकही पेशंट दाखल करू नकोस, उद्घाटनाची तारीख पुढे गेली तरी चालेल. अर्ज भरलास की एक प्रत मला पाठव, दाखल करण्याचे फॉर्मही पाठव. मी वाचून लाल पेनाने खुणा करून देईन.

तुझा,
सर