स्मारक नाण्याचं डिझाइन कोण पास करतं? अमेरिकेतली समिती आणि आपली टांकसाळ

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत स्मारक नाण्यांची डिझाइनं तपासायला सरकारची एक सल्लागार समिती असते, ती नेमकं काय करते, तिचं कुणी ऐकतं का, आणि भारतात हे काम कोण करतं. तुम्ही मुंबईत अप्लाइड आर्ट शिकताय असंही लिहिलंय, म्हणून डिझाइनच्या अंगाने जरा सविस्तर लिहितो. पदकांचे आणि ट्रॉफ्यांचे डाय, म्हणजे धातूवर चित्र उमटवणारे ठसे, बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नाणी जमवणं हा त्याला जोडून लागलेला नाद. त्या समितीच्या बैठकांची इतिवृत्तं मी नेमाने वाचतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

थेट उत्तर आधी देतो. समितीला निर्णयाचा अधिकार नाही. ती फक्त शिफारस करते, शेवटचा शब्द अमेरिकेच्या अर्थमंत्र्यांचा. तरीही तिला वजन आहे, कारण ती जे बोलते ते चारचौघांत बोलते आणि डाय तयार होण्याच्या आधी बोलते. माझ्या लेखी या दोन गोष्टींतच सगळं आलं.

समितीचं नाव सिटिझन्स कॉइनेज ॲडव्हायझरी कमिटी. ती २००३ साली स्थापन झाली, आणि ज्या कायद्याने झाली तो खरं तर ५ सेंटच्या नाण्याचा होता. त्या नाण्याच्या मागच्या बाजूला अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं व्हर्जिनियातलं मॉन्टिसेलो हे घर असतं. लुइस आणि क्लार्क यांनी अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला काढलेल्या मोहिमेच्या द्विशताब्दीनिमित्त ते घर थोडे दिवस बाजूला ठेवून दुसरी चित्रं घ्यायची टूम निघाली आणि व्हर्जिनियाच्या लोकप्रतिनिधींनी ती अडवून धरली. अखेर ठरलं असं की २००४ आणि २००५ साली नवी चित्रं येऊ द्यावीत, पण २००६ पासून मॉन्टिसेलो परत आलंच पाहिजे. त्याच कायद्यात ही समिती जन्माला आली. नाण्यावरच्या चित्रात लोकांचा जीव किती गुंतलेला असतो, ते यावरून कळेल.

त्याआधी १९९२ पासून फक्त स्मारक नाण्यांसाठी अशीच एक लहान समिती होती. तेव्हाची मोठी डोकेदुखी म्हणजे नाण्यांचा सुकाळ. एकट्या अटलांटा ऑलिंपिकसाठी १९९५-९६ मध्ये १६ वेगवेगळी नाणी निघाली. संग्राहकांनी घ्यायची तरी किती? यामागे पैशाचंही गणित असतं. तिथे प्रत्येक स्मारक नाण्याच्या किमतीत अधिभार धरलेला असतो: सोन्याच्या ५ डॉलरच्या नाण्यावर साधारण ३५ डॉलर, चांदीच्या डॉलरवर १०, साध्या धातूच्या अर्ध्या डॉलरवर ५. ही रक्कम ज्या संस्थेच्या नावाने नाणं काढलं तिला मिळते. साहजिकच जो तो आपल्या संस्थेचं नाणं काढायला संसदेच्या पायऱ्या झिजवायचा. शेवटी १९९६ च्या कायद्याने लगाम घातला आणि १९९९ पासून वर्षाला दोनच स्मारक योजना असं ठरलं.

आता रचना. सदस्य ११, नेमणूक अर्थमंत्र्यांकडून, मुदत ४ वर्षं, मानधन नाही. एक जण नाण्यांचा संग्रह सांभाळणारा अभिरक्षक, एक पदककला किंवा शिल्पकलेतला, एक अमेरिकेच्या इतिहासाचा जाणकार, एक नाणकशास्त्राचा. तिघं सर्वसामान्य जनतेचे प्रतिनिधी. उरलेले चौघं संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या सत्ताधारी आणि विरोधी नेत्यांनी सुचवलेले. विरोधकांनाही जागा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

विषय, धातू, आकार आणि नाण्यांची कमाल संख्या संसद कायदा करून ठरवते. मग टांकसाळ लाभार्थी संस्थेशी बोलते, आणि टांकसाळीतले शिल्पकार व यादीवरचे बाहेरचे चित्रकार रेखाटनं काढतात. इतिहासाच्या आणि कायद्याच्या चाळणीतून गेलेला संच दोन ठिकाणी जातो. एक ही समिती, दुसरं १९१० पासून असलेलं ७ सदस्यांचं ललित कला आयोग. दोघांच्या शिफारशी वेगळ्या असू शकतात आणि पुष्कळदा असतात. त्या दोन्ही घेऊन प्रस्ताव अर्थमंत्र्यांकडे जातो.

खरी गंमत बैठकीत असते. चित्रांवर चित्रकाराचं नाव नसतं, क्रमांक असतो. आधी लाभार्थी संस्थेचा माणूस आपली पसंती सांगतो. मग एकेक सदस्य बोलतो. नंतर प्रत्येक जण प्रत्येक चित्राला ० ते ३ गुण देतो. अकराही जण हजर असले तर जास्तीत जास्त ३३, आणि शिफारशीसाठी त्याच्या निम्म्याहून अधिक लागतात, अशी त्यांची पद्धत. मग कुणीतरी ठराव मांडतं की हेच घ्या, पण खालची अक्षरं काढा किंवा हाताची बोटं दुरुस्त करा. एकही चित्र पसंतीला उतरलं नाही तर सगळा संच परत पाठवून नवी चित्रं मागायलाही ते कचरत नाहीत.

त्यांची चर्चा वाचताना मला आपल्या कामाची भाषा ऐकू येते. कागदावर सुंदर दिसणारं चित्र धातूत मरतं, आणि ते का मरतं हे ज्याने डाय हाताळलाय त्यालाच सांगता येतं. नाण्यात रंग नाही, छटा नाही. आहे तो उठाव, तोही मिलिमीटरच्या अंशाचा. फोटोवरून काढलेल्या चेहऱ्यात गालाखालची सावली पेन्सिलने छान देता येते, पण उठावात तिला जागाच नसते. तिथे पृष्ठभाग वळवावा लागतो आणि उजेडाने सावली पाडावी लागते. शिवाय दोन्ही बाजूंचा उठाव एकाच ठिकाणी आला की दाबाखाली धातू दोन्हीकडे पुरत नाही आणि नाकाचा शेंडा किंवा कपाळ बोथट उमटतं. म्हणून छापा आणि काटा एकत्र तपासावे लागतात. समितीत पदककलेतला माणूस हवाच, तो यासाठी.

दुसरा कायमचा वाद गर्दीचा. संस्थेला वाटतं आपला सगळा इतिहास नाण्यावर यावा: इमारत, संस्थापक, ध्वज, बोधचिन्ह, दोन साल आणि एक वाक्य. नाणकशास्त्रातली आणि शिल्पकलेतली माणसं सांगत राहतात की मोकळी जागा सोडा, एकच गोष्ट सांगा. २०१४ सालचं बेसबॉलचं नाणं बघा. कायद्यानेच पुढच्या बाजूसाठी खुली स्पर्धा ठेवली होती आणि कॅलिफोर्नियाच्या कॅसी मॅकफार्लंड यांचं चित्र निवडलं गेलं: नुसता बेसबॉलचा हातमोजा. नाणंच वाटीसारखं वाकवलेलं, त्यामुळे मोज्याच्या बाजूला खोलगट आणि चेंडूच्या बाजूला फुगीर. खेळाडू नाही, मैदान नाही, करंडक नाही. सोन्याची ५० हजार आणि चांदीची ४ लाख अशी मर्यादेतली सगळी नाणी विकली गेली.

ब्रिटनमध्येही अशी समिती आहे, १९२२ पासून. प्रिन्स फिलिप १९५२ ते १९९९ तिचे अध्यक्ष होते. २००८ साली आलेली, १ पेनीपासून ५० पेन्सपर्यंतची सहा नाणी जुळवली की राजचिन्हाची ढाल पुरी होणारी मालिका तुम्ही पाहिली असेल. मॅथ्यू डेंट या तरुण डिझायनरची ती कल्पना ४ हजारांहून अधिक चित्रांतून या समितीपुढे आली आणि टिकली.

आता आपल्याकडे वळू. पुष्कळांना वाटतं नाणी रिझर्व्ह बँक काढते. ती फक्त चलनात आणते. नाणं पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा, आणि २०११ च्या नाणे कायद्यानुसार आकार, धातू, डिझाइन सगळं सरकार ठरवतं. स्मारक नाण्याची व्याख्याही त्याच कायद्यात आहे आणि मूल्याची मर्यादा १००० रुपये. एखादं मंत्रालय किंवा संस्था प्रस्ताव देते, तो अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागात जातो, मंजुरीनंतर मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या चार टांकसाळींपैकी एकीकडे काम येतं. या टांकसाळी २००६ पासून सरकारच्याच महामंडळाकडे आहेत. मग राजपत्रात अधिसूचना निघते. नवीन संसद भवनाचं २०२३ सालचं ७५ रुपयांचं नाणं घ्या. अधिसूचनेत सगळं बारकाईने दिलंय: व्यास ४४ मिलिमीटर, कडेवर २०० खाचा, ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. समोर सिंहमुद्रा, खाली सत्यमेव जयते, एकीकडे देवनागरीत भारत, दुसरीकडे इंग्रजीत इंडिया, खाली रुपयाचं चिन्ह आणि मूल्य. मागे संसद संकुल, वर हिंदीत आणि खाली इंग्रजीत नाव.

म्हणजे चित्रकाराच्या हाती एकच बाजू उरते, आणि तिच्यावरही दोन भाषांतला मजकूर ठरलेला. जागा इतकी कमी असताना तर निवड अधिक कसोशीने व्हायला हवी. पण लोकांना नाणं पहिल्यांदा दिसतं ते ठरून गेल्यावर. किती चित्रं काढली होती, कुठली मागे पडली, का पडली, यातलं काही बाहेर येत नाही. कायद्यात नागरिकांच्या समितीची तरतूदच नाही. अमेरिकेत नाण्यावर कलाकाराची आद्याक्षरं असतात. आपल्या नाण्यांवर तीही नसतात, हे मला फार लागतं. फोर्टातल्या १८२९ च्या टांकसाळीत उत्तम हात काम करून गेले. त्यांची नावं बाहेर कुणाला माहीत नाहीत.

आणि आपल्याला हे जमत नाही असं मुळीच नाही. टपाल तिकिटांसाठी डाक विभागाची फिलाटेलिक सल्लागार समिती आहेच. रुपयाचं चिन्ह तर अर्थ मंत्रालयाने २००९ मध्ये खुली स्पर्धा घेऊन निवडलं. ३ हजारांहून जास्त चिन्हं आली, परीक्षकांनी पाच निवडली, आणि जुलै २०१० मध्ये पवईच्या आयआयटीत पीएचडी करणाऱ्या डी. उदयकुमार यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब झालं. २०१९ ची अंध व्यक्तींना हाताने ओळखता येतील अशी नाणी, त्यात बारा कडांचं २० रुपयांचं नाणंही आलं, घडवताना अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची मदत घेतली. बाहेरचे डोळे आले की काम सुधारतं याचे पुरावे घरातच आहेत.

माझी कळकळ एवढ्यासाठी की स्मारक नाणं एकेकाळी खिशात यायचं. १९६४ साली पंडित नेहरूंचं पहिलं आलं ते ५० पैसे आणि १ रुपयात. १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचं शिवाजी महाराजांचं अकरा कोनांचं २ रुपयांचं नाणं, २००२ चं तुकोबांचं: ही मुंबईत भाजीवाल्याकडून आणि बसच्या कंडक्टरकडून सुट्ट्यात मिळायची. आता मोठ्या मूल्याची नाणी डबीतच विकली जातात. ज्याने संत पाहिले नाहीत त्यानेही ती नाणी बोटांत धरली होती. अशा वस्तूवर काय आणि कसं उमटावं, हे ठरताना एखादा शिल्पकार, एखादा इतिहासाचा माणूस आणि दोन-चार सामान्य नागरिक समोर बसलेले असावेत आणि त्यांचं बोलणं लिहून ठेवलं जावं, इतकंच मागणं आहे. अंतिम निर्णय सरकारनेच घ्यावा.

तुम्हाला यात खरंच उतरायचं असेल तर त्या समितीची इतिवृत्तं आणि चित्रसंच वाचा, ते सगळ्यांसाठी खुले असतात. आधी स्वतः गुण द्या आणि मग सदस्यांनी काय दिले ते बघा. फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात जाऊन जुनी नाणी तिरक्या उजेडात पाहा. आपल्या राजपत्रातल्या नाणेविषयक अधिसूचना ऑनलाइन मिळतात, त्यातली एखादी घ्या, तिच्यातल्या अटी पाळून स्वतःचं चित्र काढा आणि त्याची ४४ मिलिमीटरच्या गोलात प्रिंट काढा. अक्षरं वाचता येतात का आणि चेहरा हातभर अंतरावरून ओळखू येतो का, ते बघा. मग तेच चित्र मातीत किंवा मेणात पसरट उठावात करून पाहा. पहिला प्रयत्न झाला की त्याचा फोटो इथे टाका, उठावाबद्दल काय वाटतं ते मी लिहीन.