विंडोज १० वर राहावं की ११ वर जावं? वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मशीन त्या दिवशी बंद पडली नाही, पुढेही पडणार नाही. फक्त सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे फुकटचे अपडेट आपोआप येणं थांबलं. या विषयावर नागपूरकरांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक इथे घेतली आहेत. पत्रांची भाषा आहे तशीच ठेवली आहे.

भाऊ, आमच्या जॉबवर्कच्या दुकानात विंडोज १० आहे. पेजमेकर ७, जुने मराठी फॉन्ट, यूएसबीला लावायचं लॉक, सगळं मस्त चालून राहिलं आहे. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? पण जो तो म्हणून राहिला की बदला, बदला.
— डीटीपी व्यावसायिक, महाल

या मशीनची विंडोज बदलू नका. मात्र तिची नेटची वायर काढून ठेवा, वाय-फाय असेल तर तेही बंद करा. मेल, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन पेमेंट यांसाठी दुसरी, विंडोज ११ ची मशीन ठेवा. फाइली पेनड्राइव्हने न्यायच्या, पण पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनवर स्कॅन करूनच जुनीला लावायचा. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट जुन्या मशीनला कधीच लावू नका. नेट काढलेल्या मशीनमध्ये व्हायरस शिरायचा राजमार्ग तोच.

अडचण फॉन्टची नाही. फॉन्टची फाइल कुठल्याही विंडोजमध्ये चढते. अडतं ते टायपिंगचं इंजिन आणि लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे ते लॉक विंडोजला ओळखता यावं म्हणून टाकलेलं छोटं सॉफ्टवेअर. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाचं संरक्षण आहे. ते सुरू असेल तर जुन्या घडणीचे ड्रायव्हर ते चालूच देत नाही. मग लॉक लावलेलं असूनही सॉफ्टवेअर म्हणतं, लॉक सापडलं नाही. विक्रेत्याकडून नवा ड्रायव्हर मिळाला तर ठीक. न मिळाल्यास विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन या वाटेने ते संरक्षण बंद करता येतं. पण नेटवरच्या मशीनवर ते बंद करणं आम्हाला पटत नाही.

नवं काम मात्र आजपासूनच युनिकोडमध्ये सुरू करा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड आहेत. पेजमेकर ७ ला युनिकोड देवनागरी कळत नाही, त्यामुळे पानं लावायला दुसरं सॉफ्टवेअर शिकावं लागेल, तेवढा वेळ धरून चाला. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात तर रफार आणि अर्धा र डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘आचाऱ्यास शंभर रुपये दिले’ याचं ‘आचार्यास शंभर रुपये दिले’ होतं. शब्द दोन्ही बरोबर, त्यामुळे स्पेलचेकला चूक दिसत नाही आणि लग्नाच्या हिशोबात गडबड होते. हे सगळं हिवाळी अधिवेशनाच्या घाईत, डिसेंबरात, काढू नका.

आमचा डेस्कटॉप आय३-८१००, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम. हेल्थ चेक ॲप म्हणते, विंडोज ११ चालणार नाही. मुलाने व्हिडिओ पाहून बायोसमध्ये ‘सीएसएम’ बंद केले. आता मशीन सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस निवडा असे येते. डेटा गेला का?
— शिक्षिका, प्रतापनगर

डेटा जागेवर आहे. घाबरून कुणाला फॉरमॅट मारायला देऊ नका. मशीन सुरू करताना डिलीट की (काही बोर्डांवर एफ२) दाबत राहा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू होऊ देणारी सोय) पुन्हा सुरू करा आणि एफ१० ने सेव्ह करा. विंडोज १० परत येईल. जुनं ग्राफिक कार्ड लावलेलं असेल तर बायोसही दिसत नाही. तेव्हा मशीन बंद करून कार्ड काढायचं आणि मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावायची. तरीही काही दिसलं नाही, तर प्लग काढून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा.

मुलाचं फार चुकलं नाही, क्रम उलटा झाला. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत आहे. ॲप अडतं ते दोन गोष्टींवर. पहिली टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय. ती तुमच्या मशीनमध्ये आहे, पण बंद असावी. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव ‘पीटीटी’, एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’. बायोसमध्ये ती सुरू केली की झालं. दुसरी गोष्ट सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चढू देणारी सोय, आणि त्यासाठी विंडोज ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीने सुरू व्हावी लागते. असेंबल केलेल्या मशीनवर सवयीने जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने विंडोज टाकलेली पुष्कळदा आढळते. त्या पद्धतीत हार्डडिस्कची मांडणी ‘एमबीआर’ असते, यूईएफआयला ‘जीपीटी’ लागते. मुलाने दार बदललं, पण कुलूप जुनंच राहिलं.

मग क्रम असा धरा. महत्त्वाच्या सगळ्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजच्या सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा; ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसलं तर आमचा अंदाज खरा. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेलं असेल तर ते तात्पुरतं थांबवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत, मध्ये २ चा आकडा घालून, ‘एमबीआर२जीपीटी’ लिहा. पुढे जागा सोडून स्लॅश व्हॅलिडेट, परत जागा सोडून स्लॅश अलाऊफुलओएस (हा एकच जोडशब्द). एंटर. ही नुसती तपासणी आहे, यात काही बदलत नाही.

बरेच जण इथेच अडकतात. ही सोय फक्त तीन प्रायमरी पार्टिशनपर्यंत चालते आणि एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर सरळ नाही म्हणते. आपल्याकडे सी, डी, ई, एफ असे चार कप्पे करून देण्याची जुनी हौस आहे, आणि त्यातले शेवटचे कप्पे एक्स्टेंडेडमध्येच बसवलेले असतात. तपासणी नापास झाली तर डी, ई, एफमधला सगळा डेटा बाहेर कॉपी करा, दोन-चार फाइली उघडून कॉपी खरी झाली याची खात्री करा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून ते कप्पे काढा. सी आणि ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड’ला हात लावू नका. परत तपासणी. पास झाली की त्याच ओळीत व्हॅलिडेटच्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहा. काम मिनिटाभरात होतं.

कन्व्हर्ट झाल्यानंतर, आणि फक्त त्यानंतरच, बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद, पीटीटी सुरू, सिक्युअर बूट सुरू. मशीन चढली की हेल्थ चेक पुन्हा चालवा.

इतवारीत आमचे दुकान. तीन मशीन आहेत. दोन नव्या, विंडोज ११ प्रो. तिसरी आय३-३२२० ची, तिच्यात हिशोबाचा डेटा. दुकानदार म्हणतो, ‘चेकिंग बायपास करून ११ टाकून देतो, काही होत नाही.’ टाकू का? दुसरे म्हणजे, एका नव्या मशीनवर मोठे अपडेट आल्यापासून जुनीचे शेअर केलेले फोल्डर उघडत नाही.
— ठोक व्यापारी, इतवारी

बायपास होतं, ते खोटं नाही. आय३-३२२० वर विंडोज ११ चढेलही. (कोअर २ ड्युओ असती तर नसती चढली: विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरला ‘एसएसई ४.२’ आणि ‘पॉपकाउंट’ या सूचना याव्याच लागतात.) पण यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीचं मोठं अपडेट अशा मशीनवर आपणहून येत नाही, परत दुकानदार, परत बायपास. घरी गाणी ऐकायच्या मशीनवर हा खेळ चालेल. ज्या मशीनमध्ये तुमची उधारी-जमा आहे तिच्यावर नको.

दुसरा मार्ग आहे. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेट, ‘ईएसयू’, घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे ‘एन्रोल नाऊ’ दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरच्या तोडीचे रुपये. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत चालतं. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या मशीनला हा घरगुती मार्ग लागू नाही, तिथे कंपन्यांसाठीची वेगळी, महागडी योजना आहे.

म्हणजे मुदत मिळते, सुटका नाही. या मुदतीत हिशोबाचा डेटा नव्या मशीनपैकी एकीवर हलवा आणि जुनी नुसती बिलं मारायला ठेवा.

फोल्डरचं दुखणं वेगळं आहे. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत बिनपासवर्डचा पाहुणा प्रवेश बंद केला गेला आणि नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीवर सही, ज्याला साइनिंग म्हणतात, ती सक्तीची झाली. जुनी मशीन कुणालाही विचारल्याशिवाय आत घेते, नवी तशा घरात पाऊल ठेवत नाही. त्यामुळे जुन्या मशीनवर एक वेगळा युजर काढा, त्याला पासवर्ड द्या, शेअर फोल्डरवर त्याच युजरला परवानगी द्या, ‘एव्हरीवन’ काढा. नव्या मशीनने विचारलं की तेच नाव-पासवर्ड टाका आणि ‘लक्षात ठेव’वर खूण करा. नव्या मशीनचं संरक्षण ढिलं करायचे उपाय व्हिडिओंत सापडतील. पासवर्ड ठेवायला दोन मिनिटं लागतात, ते आधी करून पाहा.

वकिली ऑफिस. ११ वर गेल्यास डिजिटल सही, जुना लेझर प्रिंटर आणि फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडणारी एक जुनी साइट, यांचे काय होईल?
— सिव्हिल लाइन्स

सही संगणकात नसते, टोकनमध्ये, म्हणजे यूएसबीला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या काडीत असते, त्यामुळे ती जात नाही. टोकनचा नवा ड्रायव्हर सही देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा. अपग्रेडनंतर टोकन ओळखलं गेलं नाही तर जुना ड्रायव्हर काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग नवा टाका. एकावर एक चढवले की भांडतात. पिन आठवत नसेल तर अंदाजे टाकत बसू नका, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर टोकन लॉक होतं.

प्रिंटरसाठी आधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये ‘सिस्टिम टाइप’ बघा. ६४ बिट असेल आणि प्रिंटर आज चालत असेल, तर ११ वरही तो चालण्याची शक्यता चांगली. ३२ बिट असेल तर दोन गोष्टी धरून चाला: विंडोज ११ मध्ये ३२ बिट आवृत्तीच नाही, म्हणून कोरी विंडोज टाकून सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतील, आणि प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का, हे विंडोजला हात लावण्याआधी पाहावं लागेल.

विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर नाही, पण एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ आहे. सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’खाली त्याला परवानगी देऊन साइटचा पत्ता यादीत घाला. ती नोंद ३० दिवसांनी गळते, परत घालावी लागते. दाखल करायच्या शेवटच्या दिवशी साइट अचानक ‘बिघडली’ वाटली तर आधी हीच यादी बघा.

लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, साधी हार्डडिस्क. हेल्थ चेकमध्ये पास आहे. ११ टाकल्यावर फास्ट होईल काय?
— विद्यार्थी, मानेवाडा

नाही. अजून जड होईल. ४ जीबी ही विंडोज ११ ची किमान अट आहे, म्हणजे ती चढेल एवढंच. टास्क मॅनेजर उघडा. ‘डिस्क’खाली सतत १०० टक्के दिसत असेल तर दोष हार्डडिस्कचा. आधी २.५ इंची साटा एसएसडी लावा, रॅमची जागा मोकळी असेल तर ८ जीबी करा, मग ११ चा विचार करा. सीताबर्डीत घ्यायला जाण्याआधी लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक लिहून न्या, कारण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग दिलेली असते आणि वाढत नाही. डिस्क बदलल्याने विंडोजचं डिजिटल लायसन्स जात नाही, ते मदरबोर्डला बांधलेलं असतं.

मे महिन्यात सुट्ट्या आहेत, तेव्हा करू का? आणि नाही आवडली तर परत १० वर येता येते का?
— सक्करदरा

मे चालेल, दुपार नको. ४५ अंशांच्या नागपुरी दुपारी कूलरच्या खोलीतही मशीन तापते आणि वीज जायचा भरवसा नसतो. साध्या हार्डडिस्कवर अपग्रेडला दोन-तीन तास सहज लागतात, घरचा यूपीएस पंधरा-वीस मिनिटांत मान टाकतो. रात्री किंवा पहाटे करा. विंडोज टाकताना वीज गेली तर ती बहुधा स्वतःच मागे फिरून १० वर येते. बायोस अपडेट चालू असताना गेली तर बोर्डच जाऊ शकतो. ते काम लॅपटॉपवर चार्जर लावून, डेस्कटॉपवर इन्व्हर्टरवरच.

परत येण्याला दहा दिवस मिळतात: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’. त्या दहा दिवसांत ‘डिस्क क्लीनअप’मधून ‘मागची विंडोज’ पुसू नका. जागा भरपूर मोकळी होते म्हणून हात शिवशिवतो, पण परतीचं तिकीट त्या फोल्डरमध्येच असतं. पहिल्याच दिवशी प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, बँकेची साइट आणि टोकन अशी एकेक गोष्ट चालवून बघा. अकराव्या दिवशी कळून उपयोग नाही.