सिमेंटचा रस्ता की काँक्रीटचा?

‘सिमेंटचा रस्ता’, ‘सिमेंटचं जंगल’ असं आपण सर्रास बोलतो. मग सिमेंट आणि काँक्रीट एकच का, असा प्रश्न आहे.

एकच नाहीत. सिमेंट म्हणजे गोणीतली करडी भुकटी. तिच्यात वाळू आणि पाणी कालवलं की ‘माल’ होतो. त्यावर विटा बसतात, भिंतीवर थापला की त्याचाच गिलावा. खडीही पडली तर काँक्रीट. आकारमानानं पाहिलं तर काँक्रीटमध्ये सिमेंट साधारण १० ते १५ टक्केच, बाकी बहुतेक जागा वाळू-खडीची. म्हणजे ‘सिमेंटचा रस्ता’ हे पुस्तकाला ‘खळीचं पुस्तक’ म्हणण्यासारखं झालं. तरी बोलण्यात मी ते चूक धरणार नाही. रूढ झालंय आणि कुणाचा गोंधळ होत नाही. अंदाजपत्रकात मात्र काँक्रीटच लिहावं.

गंमत म्हणजे हा घोटाळा शब्दाच्या मुळातच आहे. लॅटिन ‘केमेंटुम’ म्हणजे फोडलेल्या दगडाचे ओबडधोबड तुकडे, थोडक्यात आपली खडी! रोमन लोक चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या लगद्यात हे तुकडे घालून बांधत. पुढे अर्थ तुकड्यांवरून सरकून त्यांना धरून ठेवणाऱ्या पदार्थावर आला. ‘काँक्रीट’ही लॅटिनच, एकत्र वाढून घट्ट झालेलं या अर्थाचं. आणि ‘पोर्टलंड सिमेंट’मधलं ‘पोर्टलंड’ हे कंपनीचं नाव नव्हे. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्यानं १८२४ साली पेटंट घेताना, आपलं सिमेंट इंग्लंडातल्या पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून ते नाव दिलं.

काँक्रीटला ‘अस्सल मराठी’ शब्द हवाच असेल तर ‘कोबा’ जवळचा, पण तो जमिनीपुरता आणि गच्चीपुरता. खांबाला कोबा कोण म्हणेल? शिवाय अस्सल म्हणायचं तरी कशाला? चुना संस्कृत ‘चूर्ण’वरून आला, गिलाव्यातला ‘गिल’ म्हणजे फारसीतला चिखल.

मला खरं खटकतं ते ‘सिमेंट वाळलं’. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन होतं. म्हणून तर काँक्रीट ओतल्यावर कित्येक दिवस त्यावर पाणी मारतात. लवकर वाळलं तर उलट कच्चं राहतं, भेगा पडतात. ‘सिमेंटनं धरलं’ म्हणा. क्रियापद नेमकं आहे.