व्हीगन दुकान काढताय ना, मग आधी एवढं बघा

आठ जणांनी मिळून इंदुरात व्हीगन दुकान, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासूनचं काहीच न ठेवणारं, काढताय हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून फार बरं वाटलं. पैसे कुणी जास्त टाकले कुणी कमी, तरी निर्णय घेताना प्रत्येकाला एकच मत, हे पहिल्याच दिवशी लिहून सह्या घ्या. आमच्या अशाच भागीदारीतल्या दुकानात मोठी चूक झाली ती म्हणजे प्रत्येक गोष्टीला मीटिंग, अगदी पोह्यांवर शेव कुठली इथपर्यंत, आणि सकाळी शटर कोण उघडणार ते मात्र ठरलेलंच नाही, त्यातच दोघं जण वैतागून निघून गेले.

- गल्ला रोज दोघांनी मोजायचा
- पाकिटामागचं वाचा, नमकीनमध्येही दूध पावडर निघते
- टोफू (सोयाबीनचं पनीर), सोया दूध थोडंच ठेवा, मे महिन्यात बाहेर राहिलं की नासलंच, आणि माळव्यात सोयाबीन भरपूर, रोज ताजं करा की

एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी उघडण्याआधीच करा. नफ्याची वाटणी वगैरे नंतर सांगेन, आज फक्त पाळ्यांचा तक्ता बनवून भिंतीवर लावा.