एकाच मजकुरातून वेबसाइट, पीडीएफ आणि ईपब (ई-बुक) काढायचं असेल, तर लिंक रिलेटिव्ह ठेवाव्यात की अ‍ॅब्सोल्यूट?

आधी माझी फजिती सांगते. हिंजवडीतल्या एका कंपनीत मॅन्युअल लिहायचे तेव्हा ग्राहकाचा स्क्रीनशॉट आला. पीडीएफमधल्या ‘इन्स्टॉलेशन पाहा’वर क्लिक केलं की त्याचं मशीन डी ड्राइव्हवर ‘बिल्ड’ नावाचं फोल्डर शोधत होतं. ते फोल्डर होतं माझ्या मशीनवर! वेबसाइटवर तीच लिंक व्यवस्थित चालायची, म्हणून पीडीएफ कोणी तपासलीच नव्हती.

अलका चौकात उभ्या माणसाला ‘हा काय समोर लक्ष्मी रस्ता’ म्हटलं की पुरतं. हडपसरहून फोन करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? रिलेटिव्ह लिंक तशीच, पान जिथे आहे तिथून मोजायची. पीडीएफमध्ये सगळी पानं एकत्र शिवल्यावर मूळ फायली उरतच नाहीत, मग ‘एक फोल्डर वर जा’ म्हणजे कुठून वर?

यावर ‘सगळ्याच अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे साइटच्या पूर्ण पत्त्याच्या करून टाका’ असंही कोणी सांगेल. ऐकू नका. चार पानं पुढे असलेल्या धड्यासाठी वाचकाला नेटवर कशाला पाठवायचं? चाकणच्या एखाद्या कारखान्यात नेट नसलेल्या मशीनवर तो बसला असेल तर संपलंच.

मी त्याच पुस्तकातल्या गोष्टीसाठी पाथ, म्हणजे फाइलचा फोल्डरसकट पत्ता, लिहीतच नाही. शीर्षकाला आयडी (ठरावीक खुणेचं नाव) द्यायचा आणि लिंक त्या आयडीला. मॅन्युअल लिहायच्या प्रत्येक पद्धतीत त्याची सोय आहे: स्फिंक्समध्ये रेफ, अ‍ॅस्कीडॉकमध्ये एक्सरेफ, डिटामध्ये कीरेफ. वेबसाठी रिलेटिव्ह लिंक, पीडीएफसाठी आतल्या आत उडी, हे टूल बघून घेतं. आयडी मात्र हातानेच द्या. शीर्षकावरून आपोआप बनू दिला, तर उद्या कोणी शीर्षक बदललं की लिंक मेली.

पुस्तकाबाहेर जाणारी लिंक पूर्ण, एचटीटीपीएसपासून. स्वतःच्याच साइटवरच्या दुसऱ्या मॅन्युअलची असेल तर आवृत्तीच्या आकड्यासकट. ‘लेटेस्ट’वाली दिलीत तर 2.3 ची पीडीएफ वाचणारा उद्या 3.0 च्या पानावर जाऊन गोंधळेल. पीडीएफ कागदावर छापली जात असेल, तर स्फिंक्समध्ये यूआरएल तळटीपेत छापायची सोय आहे.

सगळ्यात दगाबाज म्हणजे स्लॅशने सुरू होणारी लिंक. साइट सबफोल्डरमध्ये हलवली की ती तुटते, आणि तेच पान डिस्कवरून उघडलं तर ड्राइव्हच्या मुळाशी जाऊन शोधत बसते.

रिलीजआधी पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर, वायफाय बंद करून उघडा. माझ्या मशीनवर ती ‘इन्स्टॉलेशन’ची लिंक झकास उघडत होती.