जीसीएसईनंतरचं गणित: सिक्स्थ फॉर्मला जाण्याआधी

जीसीएसईला (इंग्लंडमधली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) ९, म्हणजे सर्वात वरची ग्रेड आली म्हणून ए-लेव्हलचं, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पुढच्या दोन वर्षांचं, गणित सोपं जाईल, असं धरून चालू नकोस. मीही तसंच धरलं होतं. ऑक्टोबरपर्यंत सगळी हवा गेली. घोडं अडतं ते कॅल्क्युलसपाशी नाही, त्याआधीच्या बीजगणितापाशी: घातांक, करणी, पूर्ण वर्ग करणं, बैजिक अपूर्णांक. सुट्टीत रोज अर्धा तास एवढंच कर, कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये ठेवून. जीसीएसईला ३ पैकी १ पेपर त्याच्याविना असतो. ए-लेव्हलला तो सगळीकडे चालतो आणि तिथेच हात आळसावतो.

पायऱ्या लिही. उत्तर चुकलं तरी पद्धतीचे गुण मिळतात, आणि ‘शो दॅट’च्या (‘असं असल्याचं दाखवा’) प्रश्नात तर उत्तर छापलेलंच असतं! (आईबाबा ‘पाढे म्हण’ म्हणाले तर म्हण. वाया जात नाहीत.)

जुना पेपर सोडवताना मार्क स्कीम (उत्तरं आणि गुणांची वाटणी) लगेच उघडू नकोस, वीस मिनिटं झगड. मेकॅनिक्समध्ये आधी आकृती काढून बलं दाखव.

केंब्रिजला गणितच करायचं असेल, तर फर्दर मॅथ्स (गणिताचा आणखी एक, वेगळा ए-लेव्हल विषय) घे. तिथे स्टेप ही गणिताची वेगळी प्रवेश परीक्षाही असते. फर्दर मॅथ्सचं विषय निवडतानाच ठरव, नंतर वेळापत्रकात जागा मिळत नाही.