एम.ए.च्या शेवटच्या वर्षात काय कर
लघुप्रबंधाचा विषय पहिल्या महिन्यातच पक्का कर, बाकी सगळं त्यामागून येतं. पुणे विद्यापीठात असशील तर जयकर ग्रंथालयात नेमाने बस. तिथले जुने प्रबंध चाळ. अवाढव्य विषय नेमका कसा करायचा, हे मला तरी त्यातूनच उमगलं. आत्ता ओळखपत्र आहे, पुढे परवानग्या काढत बसावं लागेल.

नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षांचा, अर्ज शेवटच्या वर्षाला असतानाच भरता येतो, पदवीसाठी थांबू नकोस. शिफारसपत्र मात्र ऐनवेळी मागू नकोस. सर-मॅडमना आतापासून तुझं लेखन दाखवत राहा, म्हणजे तुझ्याबद्दल लिहायला त्यांच्याकडे खरंच काही असेल. आणि एखाद्या विषयात पास व्हायचं राहिलं असेल तर तो याच सत्रात सोडव.